तळाशीलकर क्लासचं निर्दोष इंग्रजी

इंग्रजी बोलताना होणाऱ्या चुकांचे मूळ कारण बोलणे हे आहे. हा शोध घाटकोपरच्या नाना तळाशीलकरांनी लावला आणि चाळीतल्या आपल्या खोलीत व्याकरणाचा क्लास काढला. नियम एकच: व्याकरण पक्कं होईपर्यंत इंग्रजीत तोंड उघडायचं नाही. परिणामी स्थापनेपासून आजतागायत (साल १९८४) एकाही विद्यार्थ्याच्या तोंडून एकही चूक बाहेर पडलेली नाही. असा निकाल विलायतेतल्या शाळांनाही जमलेला नाही. नाना स्वतः इंग्रजी का बोलत नाहीत, हे त्यांना इंग्रजीतच विचारावं लागतं, म्हणून कोणी विचारत नाही.

सुलक्षणा ही क्लासची शान. गिरणी कामगारांच्या संपानंतर तिचे वडील गुणाजी कामाला होते ती गिरणी उघडलीच नाही. सगळं घर हिच्या नोकरीकडे डोळे लावून बसलेलं. अंधेरीच्या एका कंपनीत परदेशचे फोन घ्यायला ऑपरेटर हवी होती. मुलाखतीला निघताना नानांनी बजावलं, "वाक्य आधी मनात घोळव. शंका आली तर गिळून टाक."

"सगळंच गिळलंन तर नोकरी कोण देणार हिला?" तिची आई मालन म्हणाली. नानांनी दुर्लक्ष केलं. (मालनबाईंचा क्लास झालेला नव्हता.)

मुलाखत घेणाऱ्या साहेबांचं नाव जयवंत. त्यांनी सुलक्षणाकडे पाहिलं, ओठ हलवले, मिटले. तिनेही उत्तर म्हणून वाक्य जुळवलं, शंका आली, गिळलं. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. साहेब पुन्हा काहीतरी गिळत होते. ती कपाळावरची आठी, तो खालीवर होणारा गळा. सुलक्षणाला पोटातून हसू फुटलं. नोकरीची वाट लागली हे कळत होतं, तरी हसू आवरेना.

"सर, तुम्ही पण नानांचे?"

"पहिली बॅच," साहेब म्हणाले आणि टेबलावर डोकं टेकून खदखदले. डोळे पुसत म्हणाले, "सकाळपासून जो येतोय तो फाडफाड इंग्रजी झाडतोय गं. मला कोणाला काही विचारताच येईना."

नेमणूक जागच्या जागी झाली. शेरा पडला: उमेदवाराची एकही चूक आढळली नाही. गुणाजींनी चाळभर पेढे वाटले आणि नानांच्या क्लासला दुसरी खोली घ्यावी लागली.

आता परदेशचा फोन वाजतो. सुलक्षणा साहेबांकडे बघते, साहेब सुलक्षणाकडे, आणि घंटा दमून गप्प होते. कारभार झकास चालला आहे.

तुम्हीही कधीतरी अशा कचेरीला फोन लावला असेल. हॅलोनंतरचं इंग्रजी वाक्य मनात घोळवत रिसीव्हर कानाला धरला असेल. नुसतीच घंटा वाजत राहिली, तेव्हा चारचौघांत "कामचोर लेकाचे" म्हणालात. पण त्याआधी, फोन खाली ठेवताना, जीव भांड्यात पडला होता की नाही? सुलक्षणा त्याचाच पगार घेते.