मीटर ओ देत नाही

मोरगावच्या मयूरेश्वराला हात जोडून गेणबाने गाडी सुरू केली, तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते. शेजारी कीर्तनकार संजीवनीताई, मागे बायको शकुबाई आणि तिच्या मांडीवर ताईंची वीणा. लासुर्ण्याच्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन दहाला उभं राहायचं होतं. कीर्तनकाराला आपल्या गाडीतून आणायचा मान गेणबाला अकरा वर्षांनी मिळाला होता. काल त्याने गाडी दोनदा धुतली होती आणि टाकी भरून ठेवली होती.

बारामती अजून लांब होती, तोच मीटरचे सगळे काटे एकदम शून्यावर आडवे झाले आणि होते नव्हते तेवढे तांबडे-पिवळे दिवे लागले. गाडी मात्र पळतच होती.

"दार उघडं दावतंय," म्हणत गेणबाने ब्रेक दाबला.

तिघांनी आपापली दारं उघडून लावली. दिवा तसाच. पुन्हा लावली. चौथ्यांदा ताईच म्हणाल्या, "गेणबातात्या, देवळाचं दार पण दिवसातून एवढ्या वेळा लावत नाहीत हो."

पुढे गेल्यावर गेणबाची नजर डिझेलच्या काट्यावर गेली. गाडी थेट पंपावर. पंपावरच्या माणसाने नळी घातली, तोच डिझेल बाहेर उसळलं.

"टाकी गळ्यापतूर भरलीय की, तात्या!"

"मी काल भरलीय, म्हायती हाय. पण काटा न्हाय म्हणतोय ना!"

मग इंजिन तापल्याचा दिवा खरा मानून बॉनेट उघडलं, पाणी ओतलं, ते काठोकाठ असल्यामुळे सगळं गेणबाच्या धोतरावर आलं. निघाल्यावर त्याला नवीनच शंका आली.

"वेग शून्य दावतोय. आपुन थांबलोय का काय?"

"काचंतनं बघा की!" शकुबाई कडाडली. "झाडं काय पायानं मागं पळत्यात व्हय?"

असं थांबत थांबत बारामती आली, तेव्हा पावणेनऊ झाले होते. साडेनऊच्या आत निघालो नाही तर सगळं गाव मांडवात बसून राहणार आणि पुढची अकरा वर्षं आपलं नाव घेऊन हसणार, हे गेणबाला दिसत होतं. रस्त्यालगत गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारी उत्कर्षा नुकतंच शटर वर करत होती. तिने स्टेअरिंगखाली एक वायर खोचली आणि हातातल्या यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिली.

"इंजिन ओ देतंय. ब्रेक ओ देतोय. दारंबी देत्यात. मीटर ओ देत न्हाय."

"रुसलंय का काय?" शकुबाईने विचारलं.

"न्हाय काकू. त्याच्यापतूर हाकच पोचत न्हाय. ह्या सगळ्यांचं बोलणं दोन तारांवरनं चालतं. ते तुटलं, की मीटर बसतं आपलं वाईट तेच धरून. दार उघडं, टाकी रिकामी, इंजिन तापलं. खरं तर सगळं धड असतं."

"काय बोललीस पोरी!" ताई खुशीत म्हणाल्या. "आज निरूपणात घेते बघ."

उत्कर्षाने मीटर खोलून बाहेर काढलं. मागच्या प्लगच्या पितळी टाचण्या हिरव्यागार पडल्या होत्या. तिने चिमट्याने तिथून काहीतरी उचललं, उजेडात धरलं.

"लाही हाय ही. जोंधळ्याची. आन् वास आंबूस. तात्या, मीटरवर दही कुणी सांडलं?"

गेणबाने धोतर पिळायला घेतलं. ते एव्हाना वाळलं होतं.

"काला व्हता," तो शेवटी म्हणाला. "गेल्या सालचा. ही पाय मुरगळून घरी पडलेली, म्हणून हिच्यासाठी द्रोण हितं, म्होरं ठेवला. गतिरोधकावर उलटला. सांडलेला मी उपरण्यानं पुसून घेतला, ऱ्हायलेला घरी नेला."

शकुबाईने वीणा सावरली. "आन् मला काय सांगितलंसा?"

"छबूबाईनं एवढाच दिला म्हणून."

छबूबाई म्हणजे शकुबाईची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. दरसाल काला तीच वाटायची. आजारी बाईला चमचाभर काला पाठवला, म्हणून शकुबाई वर्षभर तिच्याशी शब्दही बोलली नव्हती. संक्रांतीचं वाणसुद्धा दुसऱ्याच्या हाती धाडलं होतं.

उत्कर्षाने ब्रशने टाचण्या घासल्या, औषध फवारलं, प्लग बसवला. काटे ताठ उभे राहिले, दिवे विझले. गेणबाने मीटरला आणि मग उत्कर्षालाही हात जोडले.

"पोरी, आज तू आमाला कीर्तन घडवलंस बघ."

दहाला पाच कमी असताना गाडी मांडवाशी लागली. ताईंनी निरूपणात ती गाडी घेतलीच. "काटा शून्यावर होता, तरी गाडी चालत होती, बाबांनो! आपल्याला वाटतं, देवाचं आपल्याकडे लक्ष नाही. अहो, लक्ष नसतं तर इथवर आलो असतो का?" मांडव हसला, आणि हसता हसता म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावले.

दहीहंडी फुटली. काल्याच्या रांगेत शकुबाई छबूबाईसमोर उभी राहिली.

"छबू, माझ्यापतूर हाक पोचली न्हवती गं."

"कसली हाक?"

"सांगते. आदी काला घाल."

छबूबाईने तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि द्रोण लाह्या ओघळेपर्यंत भरला. शकुबाई तिच्या कानाशी लागली. ऐकता ऐकता छबूबाईची पळी थांबली, मग पाठ हलायला लागली. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून वर्षभराचं हसल्या.

गेणबा आपला द्रोण घेऊन सवयीने गाडीकडे निघाला होता. मागे वळून बघतो, तर दोघी जोडीने त्याच्याकडेच येत होत्या. त्याने जागच्या जागी अख्खा द्रोण तोंडात रिकामा केला आणि मोकळे हात वर करून दाखवले.