सदर मृतदेह श्वास घेतो

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं दिली, आता एकदा तरी आपण स्वतः तक्रार करून पाहावी, एवढंच मुद्देसाहेबांच्या मनात आलं होतं. कोणाचं वाकडं करण्याचा त्यांचा मुळीच हेतू नव्हता.

मुद्देसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात ते कारकून होते आणि ‘मुद्दा एक, मुद्दा दोन’ केल्याशिवाय त्यांना साधा रजेचा अर्जही लिहिता येत नसे. (लग्न ठरल्यावर बायकोला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही पाच मुद्दे होते. चौथ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.)

तर त्या दिवशी संध्याकाळी साडेसातला ‘दीर्घ श्वास’ ही नवी मालिका लागली होती. डोंगरावरचं एक महागडं आरोग्यकेंद्र, तिथे मनःशांतीसाठी आलेली श्रीमंत माणसं, आणि मनःशांती सोडून बाकी सगळं. चौथ्या भागाच्या शेवटी चिखलाच्या टबात एक माणूस पडलेला दिसला, माळी किंचाळला, आणि भाग संपला. बायको टाळी वाजवून उठली, "आता आईला फोन केलाच पाहिजे," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली ती तासभर बाहेर आली नाही.

या तासाभरात मुद्देसाहेबांनी वाहिनीच्या ॲपवर ‘प्रेक्षकांचे अभिप्राय’ हे पान उघडलं, ‘एक जागरूक प्रेक्षक’ असं नाव घेतलं आणि मन मोकळं केलं.

"विषय : मालिकेतील त्रुटींबाबत.

मुद्दा एक : मनःशांतीच्या जागी चार भागांत सतरा भांडणं झाली. आमच्या कार्यालयात पाणी बंद असतानाही एवढी होत नाहीत.

मुद्दा दोन : मौन धरलेली बाई मनातल्या मनात इतकं बोलते की इतरांना तोंड उघडायला वाव उरत नाही.

मुद्दा तीन : चिखलातील सदर मृतदेह श्वास घेतो. कॅमेरा जवळ येताच तो पोटही आत घेतो. ज्याला नुसतं पडून राहणं जमत नाही, त्याने अभिनयाऐवजी अन्य व्यवसाय बघावा. सबब योग्य ती कार्यवाही व्हावी."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हाच अभिप्राय फोनवरून मोठ्याने वाचून दाखवला. सगळा विभाग हसून लोळला. चार हजार लोकांना तो आवडला होता. मुद्देसाहेब फायलीत डोकं खुपसून बसले होते, पण कान मात्र टवकारलेले होते. बावीस वर्षांत त्यांच्या लिखाणाला कोणी हसलं नव्हतं. (म्हणजे ज्या कारणासाठी हसायला हवं, त्या कारणासाठी.) घरी जाताना ते चक्क शीळ घालत गेले.

दार बायकोने उघडलं. डोळे लाल होते.

"वाचलंत? त्या मेल्याने काय लिहिलंय ते?"

"कोणत्या मेल्याने?"

"जागरूक प्रेक्षक म्हणे! अहो, तो चिखलातला आपला हिरो होता!"

हिरो म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. नऊ वर्षं अभिनयात धडपडत होता, म्हणून घरात त्याचं हे नाव पडलं होतं. आजवर एका मालिकेत त्याची पाठ आली होती आणि एका जाहिरातीत उजवा हात. या वेळी पहिल्यांदाच तो अख्खा दिसला होता.

"मग मला आधी सांगायचं नाही का?" मुद्देसाहेब कसेबसे म्हणाले.

"तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं! नंतर आईच्या फोनात राहून गेलं. म्हटलं, ओळखलंच असेल. आता तो खोलीत कडी लावून बसलाय. म्हणतो, रविवारपर्यंत बघतो आणि सोमवारपासून मावशीच्या मिस्टरांच्या टायरच्या दुकानात बसतो. नऊ वर्षांची मेहनत हो त्याची!"

मुद्देसाहेबांना खरोखर वाईट वाटलं. मेहुण्यावर त्यांचा जीव होता. अभिप्राय पुसून टाकावा असं त्यांच्या मनात आलं, पण त्याचे फोटो एव्हाना गावभर झाले होते. कबूल करावं असंही मनात आलं, पण बायकोच्या हातात लाटणं होतं.

"तुम्ही त्याला उत्तर लिहा," बायको म्हणाली, "माझ्या नावाने. तोही तुमच्यासारखाच मुद्दे घालून लिहितो, तुमच्याच जातकुळीचा कोणीतरी कारकुंडा असणार. तुमची भाषा तुम्हालाच कळते."

मुद्देसाहेब बायकोचा फोन घेऊन बसले. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिलं, "आपल्या अभिप्रायाची नोंद घेण्यात आली आहे."

"हे काय? नळ गळतोय का त्याचा? नीट झोडा त्याला!"

मग मुद्देसाहेब नाइलाजाने कामाला लागले. आणि गंमत अशी, की पाचच मिनिटांत त्यांना मजा यायला लागली. स्वतःच्याच पत्रात त्यांना ढीगभर भोकं सापडली.

"मुद्दा तीनबाबत," त्यांनी लिहिलं, "सदर इसम मृत असल्याचा दाखला कोणत्या डॉक्टरने कोणत्या भागात दिला? माळी ओरडला म्हणून माणूस मरत नाही. ज्या अर्थी श्वास चालू आहे, त्या अर्थी तो जिवंत आहे आणि काहीतरी लपवतो आहे. हा बारकावा कळायला डोकं लागतं."

"वा! पुढे लिहा, या माणसाला ऑफिसात कोणी विचारत नसणार."

त्यांनी लिहिलं.

"आणि याची बायको कशी दिवस काढत असेल, देव जाणे."

अंगठा अडखळला, पण तेही लिहिलं.

त्यानंतरचे तीन दिवस हिरोने कोणाचाच फोन उचलला नाही आणि बायको धड जेवली नाही. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात हिरो उभा, हातात मिठाईचा खोका. आत आला तो थेट बहिणीच्या पायाशीच वाकला.

"ताई, तुझ्यामुळे! दिग्दर्शकांनी तुझं उत्तर वाचलं. म्हणाले, आपल्याला हे सुचलंच नव्हतं, हा माणूस जिवंतच ठेवू. तीस भाग मिळालेत मला! संवादांसकट!"

बायकोचे डोळे भरून आले. "अरे, मला आपलं सुचलं ते मी लिहिलं," ती म्हणाली.

मुद्देसाहेब आनंदाने उभे राहिले होते, ते तसेच थबकले. "सुचलं? अगं, मी लिहिलं ते!"

"टाइप तुम्ही केलंत. सांगत तर मीच होते ना?"

"दाखल्याचा मुद्दा माझा होता!"

"बरं बाई, तुमचा. एवढं काय त्यात?"

वास्तविक इथे गप्प बसायचं होतं. पण बावीस वर्षं दुसऱ्याच्या सहीने जाणारी पत्रं लिहिणाऱ्या माणसाचा अहंकार एकदा जागा झाला, की त्याला आवरणं कठीण. "एवढं काय? अगं, मूळ तक्रार नसती तर उत्तर कुठून आलं असतं? आणि ती तक्रारही मीच…"

पुढचे शब्द त्यांनी गिळले, पण उशीर झाला होता.

"भाऊजी," हिरो हळूच म्हणाला, "तुम्ही मला ओळखलं नाहीत?"

"चिखल होता रे तोंडावर…" मुद्देसाहेबांना धरणीने पोटात घ्यावंसं वाटलं. "चुकलं माझं. फार चुकलं."

हिरो क्षणभर गंभीर झाला आणि मग एकदम त्यांच्या गळ्यातच पडला. "घरच्या माणसाने ओळखलं नाही! म्हणजे भूमिकेत किती शिरलो होतो मी!"

मुद्देसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मेहुण्याची पाठ थोपटली, मिठाईचा एक तुकडा तोंडात टाकला आणि सहज इकडेतिकडे पाहिलं, तर बायको जागेवर नव्हती. ती आतल्या खोलीत फोन घेऊन बसली होती, आणि या वेळी टाइपही तीच करत होती.

दोन मिनिटांत अभिप्रायांच्या पानावर नवी ओळ झळकली. "वरील जागरूक प्रेक्षक हे माझे मिस्टर. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी बायकोच्या सख्ख्या भावाला ओळखत नाहीत. यांच्या मताला किती किंमत द्यायची, ते आपणच ठरवा."

दुपारपर्यंत तो अभिप्राय नऊ हजार लोकांना आवडला. त्यातला पहिला अंगठा मुद्देसाहेबांचा होता. बायको समोरच उभी होती.