पाटलांना आवतन

नानाजी कुत्र्याला खरारा करायचे. कंगवा नाही, दुकानात मिळणारा नाजूक ब्रश नाही. बैलांच्या अंगावरून फिरवायचा लोखंडी दात्यांचा खरारा. बाभुळगावात आमच्या दोन अंगणांच्या मध्ये नुसती तार आहे, त्यामुळे हा सोहळा मला रोज सकाळी चहासोबत फुकट बघायला मिळे.

कुत्रा साधासुधा नव्हता. नानाजींच्या पुण्यातल्या मुलानं, सतीशनं, हौसेनं घेतलेला. विलायती जातीचा, मधाच्या रंगाचा, कानापासून शेपटीपर्यंत लांब केसांचा. सुनेचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा "दोनच महिने" म्हणून इथं ठेवला, तो दोन वर्षं राहिला. नाव ब्रुनो. नानाजी त्याला पाटील म्हणत आणि चक्क अहोजाहो करत. "कामधाम काई नाई, अन् दिवसभर ओट्यावर बसून गावावर नजर. पाटील नाई त काय म्हनू?"

नानाजींचं आयुष्य बैलांमागे गेलेलं. जनावराशी बोलायची त्यांना तेवढी एकच भाषा येत होती आणि पाटीलही ती शिकले होते. "थिर" म्हटलं की खाली बसत, "पाय" म्हटलं की पाय उचलून देत. आधी पाठ, मग पोट, मग मांड्यांमागची झालर. केसांत गोखरू अडकलं असेल तर नानाजी खरारा बाजूला ठेवत, बोटांना खोबरेल लावत आणि केस न् केस सोडवत बसत. कात्रीला बंदी. गुंता कापून टाका की, सकाळ कशाला घालवता, असं मी एकदा सुचवलं. आपल्याला कुठं गाडी गाठायची आहे, असं म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

निघालेले केस वाऱ्यावर थेट माझ्याकडे येत. कुरडयांवर, दोरीवरच्या साड्यांवर. शाळेत मी रोज अंगावर थोडे पाटील घेऊनच जायची. भांडायला गेले तर म्हणाले, "म्याडम, कपाशीच्या गावात राह्यता अन् एवढ्याशा रुईचं भेव?" रस्त्यानं जाणारे लोकही थांबत आणि केसांचा ढीग बघून, नानाजी, जिनिंगमध्ये न्या, भाव तरी मिळेल, असं सुचवत.

मीही हसायची. पण तो खरारा आधी कुणाच्या अंगावरून फिरत होता हे मला ठाऊक होतं. नानाजींच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या, मग नानाजींचे गुडघे गेले, शेत मक्त्यानं दिलं आणि बैलजोडी विकावी लागली. विकली त्या सकाळीसुद्धा त्यांनी दोघांना धुऊन, खरारा करूनच गाडीत चढवलं होतं. घेणारा वैतागला, आता कशाला म्हणाला. नानाजींचा हात थांबला नाही. तेव्हापासून पोळ्याच्या दिवशी ते दार लावून घेत.

यंदा पोळ्याच्या आधी सतीशचा फोन आला. मोठा फ्लॅट घेतलाय, पोरीला कुत्रा हवाय, पोळ्याला येतो आणि ब्रुनोला घेऊन जातो. नानाजी "बरं" म्हणाले. रागानं माझं डोकंच फिरलं. कुत्रा म्हणजे काय उसना दिलेला पाटा-वरवंटा आहे? राहू दे इथंच, असं त्याला सांगा ना, म्हणून मी त्यांच्या मागे लागले.

"कसं सांगू म्याडम? त्याचंच हाय ते. ठेवाले देल्लेलं दाबून ठेवनं बरं नाई."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं, पळसाच्या पानांनी शेकायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. त्या संध्याकाळी तारेपलीकडे बघते तर नानाजींच्या हातात वाटी आणि पाटलांचे दोन्ही खांदे पिवळेजर्द. जन्मात ज्यांच्यावर जू पडलं नाही ते खांदे नानाजी मन लावून शेकत होते. पाटील मान वळवून तूप चाटत, नानाजी पुन्हा लावत. मला हसू आवरेना. मग नानाजींनी वाकून तो लांब केसांचा कान उचलला.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

माझं हसू तिथंच थांबलं.

सतीश पोळ्याच्या दिवशी सकाळी पोहोचला आणि पिवळा कुत्रा बघून त्यानं कपाळाला हात लावला. घाईघाईनं साबण लावला, तर हळद लाल झाली. उन्हात बसवा, उडून जाईल, एवढंच नानाजी सांगत राहिले. पण त्याला थांबायला वेळ नव्हता, दुसऱ्या दिवशी ड्युटी होती. नानाजींचं पुरण अजून चुलीवर होतं, नैवेद्य व्हायचा होता, त्याआधी कुणाला काही देता येईना. जेवून जा, असं नानाजींनी दोनदा म्हणून बघितलं.

पाटील गाडीत चढेनात. सतीश इंग्रजीत बोलावत होता, पट्टा ओढत होता. पाटील चारी पाय रोवून नानाजींकडे बघत होते. सतीश वाईट मुलगा नाही, त्यालाही ते बघवेना. शेवटी नानाजीच ओट्यावरून उतरले. पाठीवरून हात फिरवला, दार धरलं आणि "चढा, पाटील" म्हणाले. पाटील चढले. "थिर" म्हटल्यावर खाली बसले. इतकं शहाणं जनावर मला त्या दिवशी मुळीच आवडलं नाही.

दुपारी सगळे वेशीच्या तोरणाखाली उभे केलेले बैल बघायला निघाले तेव्हा नानाजी तारेपाशी आले आणि सतीशला फोन लावून द्या म्हणाले. लावून दिला.

"गाडी कुठी थांबली त पाटलाले पुरनाची पोळी चारजो. म्या आवतन देल्लं होतं."

पलीकडून सतीश समजावत होता. त्याला गोड चालत नाही बाबा, डॉक्टरांनी मनाई केली आहे, आणि आता तो झोपलाय. नानाजी "बरं" म्हणाले. फोन परत दिला, पण हलले नाहीत.

"आवतन देऊन माह्या दारातून कोनी उपाशी गेलं नाई आजपर्यंत," ते म्हणाले. मग विचारलं, "तुमी जेवल्या का?"

मी पोटभर जेवले होते. तरी नाही म्हटलं.

त्यांच्या ओसरीवर सुपात पोळ्या वाढून ठेवल्या होत्या, बैलांपुढे ठेवतात तशा, वर तूप घातलेलं. त्यांनी त्या सुपातून काढून एका ताटात घेतल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. नानाजी समोर बसले होते आणि जनावर नीट खातंय की नाही हे मालक बघतो, तसे माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घालून दोन पोळ्या संपवल्या.

"अजून एक घ्या," ते म्हणाले.

मी घेतली.