गडग्यावरून आलेला वारा

आमच्या शेजारचे दत्ताभाऊजी रोज सकाळी खिडकीचा गज चाटतात. लोक सकाळी पेपर वाचतात, भाऊजी गज वाचतात.

"मीठ जवळचा हाय. इथल्याच लाटांचा," जीभ टाळूला लावून ते सांगतात. "दुपारी वारा वाढेल. नोंद घ्या, वहिनी."

नोंद आजवर कोणी घेतलेली नाही. भाऊजी तीस वर्षं बोटीवर होते. तिथे वाऱ्याची वही त्यांच्याकडे असे. बोट सुटली, वही सुटली, सवय तेवढी रत्नागिरीला आली. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला आमची दोन घरं, मध्ये जांभ्या चिऱ्याचा गडगा, कमरेएवढी भिंत. लाट फुटली की वारा तिचे बारीक थेंब उचलतो, ते वाटेतच सुकतात आणि नुसतं मीठ उडत घरात येतं, हे मला भाऊजींनी शिकवलं. त्याआधी गज गंजले की मी लोहाराला शिव्या देत असे.

त्यांची दुसरी खोड थंडीतली. जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटला, की भाऊजी गच्चीवरून मूठमूठ माती उधळायचे.

"अहो, माझ्या साड्या वाळतायत!"

"साड्या वाटेत येतात. नोंद घ्या."

आता माझा पराक्रम. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला भलतीच स्वच्छ समजत होते. दिसेल ते घासायचं. नवऱ्यालाही घासलं असतं, पण तो लवकर ऑफिसला जाई.

उन्हाळ्यात मी आमसुलं वाळवायला भाऊजींच्या गच्चीवर गेले. तिथे एक काच ठेवलेली. वर खोबरेल तेल, तेलावर धुळीचा पिवळट थर. बाईमाणूस नाही घरात, म्हणून ही कळा, असं म्हणत मी ती साबण लावून लख्ख केली. नंतर आठवलं, वायव्येचा वारा सुटला की भाऊजी अशी काच मांडतात आणि धूळ खरवडून बाटलीत भरतात. मग अक्कल चालवली. काचेला तेल लावलं, गडग्यावरची माती बोटांनी चुरली आणि वर भुरभुरली. चिऱ्याची माती, लालभडक.

संध्याकाळी भाऊजींनी काच उचलली. वास घेतला. बोट लावून जिभेवर ठेवलं.

"वहिनी, हा वारा आपल्या गडग्यावरून आला."

मी कबूल केलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मंगलचा फोन आलेला," ते म्हणाले. "मस्कतला मोठा वादळ झाला, घरभर धूळ. मी म्हटला, वारा सरळ हाय, ती धूळ चार दिवसांत इथे पोचेल. आज चौथा दिवस."

मंगल त्यांची एकुलती मुलगी. आई गेल्यावर लग्न होऊन ती तिकडे गेली, त्याला तीन वर्षं झालेली. भाऊजींच्या हातातल्या रिकाम्या बाटलीवर चिठ्ठी होती: 'मंगलच्या दारातली.'

ती बाटली त्या वर्षी रिकामीच राहिली. स्वच्छतेची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

आता भाऊजींचे गुडघे गेलेत. उन्हाळ्यात काच मी मांडते आणि कोणाला हात लावू देत नाही. गेल्या थंडीत त्यांनी गडग्यावरून हाक मारली.

"वहिनी, मतलई सुटला. जरा गच्चीवर चढाल?" हातात कागदाची पुडी दिली. पिठासारखी मऊ माती.

"कुठली ही?"

"झोपाळ्याखालची. मंगल पाय घासायची ना, तिथली. तिकडची इकडे येते, तर इकडची जायला नको?"

मी चढले. पुडी उघडून मूठ सोडली.

"गेली का सगळी?" खालून भाऊजी ओरडले.

"गेली!"

निम्मी माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर बसली होती. उन्हं उतरेपर्यंत मी एकेक साडी समुद्राकडे तोंड करून झटकत राहिले.