सुभेदाराचा पहारा

"कुत्रा द्यायला असा कितीसा वेळ लागतो? दोरी हातात द्यायची, संपलं!" असं घड्याळजी सकाळी बायकोला छाती पुढे काढून म्हणाला होता. दुपारी कुत्रा न्यायला आलेला गॅरेजवाला अंगणात उताणा पडला होता आणि त्याच्या छातीवर सुभेदार बसला होता.

सुभेदार म्हणजे बुलमास्टिफ. अंगाने वासराएवढा, तोंड मात्र कायम कुणाच्या तरी मयताला निघाल्यासारखं. घड्याळजीचे वडील लाकडाच्या वखारीचे राखणदार. येईल त्याला ते या जातीचा इतिहास ऐकवायचे, चहा गार झाला तरी सोडायचे नाहीत. "अहो, शिकारचोर धरायला जंगल राखणाऱ्यांनी मुद्दाम तयार केलेली जात ही. भुंकायचं नाही, चावायचं नाही. गपचूप जायचं, चोराला आडवा पाडायचा आणि राखणदार येईपर्यंत दाबून ठेवायचा." सुभेदारही आत येणाऱ्याला कधी अडवत नसे. काही उचलून बाहेर निघणाऱ्याला मात्र सोडत नसे.

वडील गेल्यापासून तो रोज संध्याकाळी फाटकाकडे तोंड करून बसायचा. घड्याळजीला ते बघवेना, म्हणून त्याने सुभेदाराला देऊन टाकायचं ठरवलं. लोकांना तो सांगायचा, घर लहान पडतं. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुझं घर, तू ठरव," आणि त्या दिवशी धड जेवली नाही.

गॅरेजवाल्याचं चुकलं ते इतकंच, की दोरी धरायच्या आधी त्याने सुभेदाराचं जेवणाचं पातेलं उचललं आणि फाटकाची वाट धरली.

"अहो, जरा हलवा ना याला," तो खालून म्हणाला. त्याचा चष्मा लाळेने भरला होता.

घड्याळजीने पट्टा ओढला. सुभेदार ढिम्म. बिस्किटं पुढे केली, ती त्याने बसल्या जागी खाल्ली. बायकोने बादलीभर पाणी ओतलं, ते सगळं गॅरेजवाल्याच्या नाकातोंडात गेलं.

"आई, बाबा काय म्हणायचे गं याला उठवताना?"

पायरीवर मटार सोलत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "काही म्हणत नसत. ते यायचे आणि हा उठायचा. राखणदार आल्याशिवाय नाही उठत तो."

"आता राखणदार कुठून आणू?"

"कोट आहे बघ खुंटीवर."

वडिलांच्या वखारीतल्या जाड कोटाच्या बाह्या घड्याळजीच्या बोटांच्याही खाली आल्या. त्यांचे बूटही त्याने चढवले, त्यांत पाय नुसते खुळखुळत होते. बापाचं काही म्हणून घेतलं नाही पोराने, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. मागच्या दाराने निघून, घराला वळसा घालून, बूट आपटत तो अंगणात आला. बायकोने तोंडावर पदर धरला.

कोटातला भुसा घशात गेला आणि घड्याळजीला खोकला आला. मुद्दाम काढलेला नव्हता. एकदा जाड, मग जरा थांबून पुन्हा एकदा, अगदी बाबांसारखा. बायकोचं हसू थांबलं.

सुभेदार उठला. हळूहळू चालत आला आणि त्याने ते भलंमोठं डोकं कोटात खुपसलं. घड्याळजी तिथेच मातीत बसला आणि ढसाढसा रडला. वडील गेले तेव्हासुद्धा तो एवढा रडला नव्हता.

गॅरेजवाला चष्मा पुसत म्हणाला, "मी आपलं एखादं चांगलं कुलूपच घेतो."

त्यानंतर घड्याळजी रोज संध्याकाळी कोट घालून घराभोवती फेरी मारायला लागला. शेजारी म्हणायचे, हुबेहूब बाप. त्यालाही मनातून बरं वाटायचं.

एरवी तो दुपारी जेवायला घरीच यायचा, पण एका सकाळी घाईघाईत, कोटाशिवाय, जेवणाचा डबा घेऊन आपल्या दुकानाला निघाला. फाटकापर्यंतही पोचला नाही. सुभेदाराखाली पडल्या पडल्या त्याने खोकून पाहिलं, पण छातीत हवाच उरली नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाबांचा खोकला आला. एकदा जाड, मग जरा थांबून पुन्हा एकदा. सुभेदार शेपूट हलवत बाजूला झाला. दारात आई उभी होती.

"आई, तुला येतो हा खोकला?"

"इतकी वर्षं ऐकलाय. न यायला काय झालं?"

"मग त्या दिवशी का नाही खोकलीस?"

"खोकले असते तर सुभेदार गेला असता ना त्या माणसाबरोबर." आईने पडलेला डबा उचलला, पदराने पुसला. "जा, आधी कोट घालून ये. मग देते."