भागाआत्यांचा वजनकाटा

भागाआत्या माणसाचं वजन डोळ्यांनी करतात. अंदाज नव्हे, वजन. घरात पाहुणा आला की त्याच्या हातात पाण्याचा ग्लास जायच्या आधी आत्यांचा आकडा बाहेर पडतो. "एकसष्ट. त्यात अर्धा किलो बूट." मी शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापिका माझी चौकशी करायला आल्या, तर त्यांना दारातच "ब्याऐंशी" ऐकावं लागलं. बिचाऱ्या चहासुद्धा न घेता गेल्या. मी म्हटलं, "आत्या, असं बायकांना तोंडावर सांगतात का?" तर म्हणाल्या, "मागून सांगितला असता तर कमी झाला असता काय?"

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, प्रकाशच्या, सख्ख्या आत्या. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांचं गाव. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. थोडी भाताची शेती आहे. कापणी आटोपली की भातखरेदी केंद्रावर पोती भरायची आणि दाभणाने शिवायची, हे काम त्यांनी उभा जन्म केलं. शिवलेल्या पोत्याला नुसता हात लावून सांगायच्या, "पाव किलो कमी हाय." काट्यावर ठेवलं की तेवढंच कमी निघायचं. कमी भरलेलं पोतं केंद्रावरून परत जातं, ही एक गोष्ट आत्यांच्या डोक्यात कायमची बसलेली. आणि दुसरी, दर दोन वाक्यांनंतर येणारी, "काटा खोटा बोलत नाय."

गेल्या वर्षी मला कॅन्सर निघाला. एकवीस-एकवीस दिवसांनी सहा केमो ठरल्या. पहिल्याच केमोत मी सत्तेचाळीसवरून चव्वेचाळीसवर आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्रेचाळीसच्या खाली गेलात तर पुढचा डोस थांबवावा लागेल. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, नीट शिजवलेलं, मऊ. अंडी, डाळी पोटात जाऊ देत." प्रकाशने हे फोनवर आत्यांना सांगितलं. जे सांगू नये नेमकं तेच सांगितलं, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी आत्या वाशिंदला आमच्या तिसऱ्या मजल्याच्या दारात उभ्या. एका पिशवीत नाचणी, कुळीथ आणि लाल तांदूळ. दुसऱ्या पिशवीत पळसाची पानं आणि करवंटीचे चमचे. काखेत जिवंत कोंबडी.

मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिला शब्द काय? "तेताळीस आठशे."

"आत्या, बसा तरी."

"बसते. काय खाल्लास?"

त्या दिवसापासून माझ्या घरात माझं राज्य संपलं. माझ्या तोंडाला लोखंडाची चव येत होती. पाणी प्यायलं तरी नळाला तोंड लावल्यासारखं वाटायचं. आत्यांनी पहिल्या तासात स्टीलची ताटं, वाट्या, चमचे सगळं माळ्यावर टाकलं आणि मला पळसाच्या पानावर, करवंटीच्या चमच्याने जेवायला बसवलं. वाईट ह्याचंच वाटतं की त्याने फरक पडला. लोखंड निम्मं झालं. पण मी ते कबूल केलं नाही. एकदा कबूल केलं असतं तर आत्यांनी मला हातरुमालसुद्धा पळसाच्या पानाचा दिला असता.

दर दोन तासांची आठवण राहावी म्हणून प्रकाशने त्यांच्या फोनमध्ये गजर लावून दिला. आत्यांना वाटायचं, दवाखान्यातून फोन येतोय. गजर वाजला की फोन कानाला लावून "हां, देते, देते, आताच देते" म्हणायच्या आणि वाटी घेऊन हजर. त्यांना किती वेळा सांगितलं, तिकडे कुणी नाही! त्यावर उत्तर, "नसू दे. सांगायला काय जाते?"

वाटीत नाचणीची पेज, तांदळाची पेज, कुळथाचं पातळ पिठलं. पेजेत फेटलेलं अंडं. अंडं बाल्कनीतल्या कोंबडीचं, आणि कोंबडीने एखाद्या दिवशी अंडं दिलं नाही तर आत्या तिलाही माझ्यासारखंच सुनवायच्या. "उतरलीस गो तूपन. दाणे टाकलेत ते काय बघायला?"

मी वीस वर्षं मुलांना शाळेत खिचडी खायला लावलेली बाई. "पानात टाकायचं नाही, अजून एक घास, शहाणा ना तू?" हे माझं वाक्य. आता तेच वाक्य माझ्या नाकासमोर चमचा धरून मला ऐकवलं जात होतं, आणि वीस वर्षांतल्या झाडून सगळ्या मुलांची मी मनातल्या मनात माफी मागितली. मी तोंड फिरवायची. आत्या चमच्यासकट पलीकडे जाऊन बसायच्या. मी ओरडायची, "आत्या, मला नकोय!" त्या म्हणायच्या, "नको तर नको. एवढा एक घास." मी अर्धी वाटी टाकून द्यायची. त्या वाटी उचलून आत जायच्या. मी कधी विचारलं, "तुम्ही जेवलात का?" तर एकच ठरलेलं, "मी हाय मागून." लावणीच्या दिवसांत शेतावर माणसं जेवायला बसली की वाढणारी बाई मागून जेवते, तशी त्यांना सवय. मी जास्त विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या आत गेल्या की मला सुटल्यासारखं वाटायचं.

फोडणीचंही एक सांगायला हवं. आत्या आल्या त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी सुकटीचं कालवण टाकलं. तेलात लसूण पडला मात्र, मी मोरीत. बाहेर आले ती डोळ्यांतलं पाणी पुसत ओरडतच आले, "ह्या घरात फोडणीचा वास आला तर मी घर सोडून जाईन!" घर माझं, जाणार मी, ह्यातला वेडेपणा मला तेव्हा कळला नाही. आत्यांनी गॅस बंद केला. त्यानंतर पुन्हा फोडणी झाली नाही. प्रकाश कंपनीच्या कँटीनमध्ये जेवायला लागला.

दर रविवारी माझी वरात निघायची. आमच्या बिल्डिंगखाली वाण्याचं दुकान आहे, तिथे पोती मोजायचा मोठा काटा. पहिल्या रविवारी आत्यांनी आधी स्वतः वर चढून काटा तपासला. "सेहेचाळीस. बरोबर हाय." मग मला चढवलं. वाणी भला माणूस, गव्हाचं पोतं उतरवून म्हणाला, "या मॅडम, चपला काढा." त्या वेळी दुकानात नेमकी माझ्या वर्गातल्या मुलीची आई साबण घ्यायला आलेली. डोक्याला रुमाल बांधून, गव्हाच्या पोत्याच्या जागी मी उभी, आणि आत्या सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडतायत, "तीनशे ग्राम चढली!" मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

चौथ्या केमोच्या आधी तोंडात फोड आले. जीभ, गाल, घसा, सगळं सोललेलं. आठ दिवस पेजसुद्धा झोंबायची. केमो बुधवारी, आणि रविवारी काट्यावर चढले तर बेचाळीस आठशे. आत्या काहीच ओरडल्या नाहीत. वाण्याने "बुधवारपर्यंत होईल हो" म्हणून धीर दिला. मला भीती वाटली. डोस थांबला तर? आतापर्यंत सोसलेलं सगळं फुकट गेलं तर? सोमवारी फोड जरा बसले आणि मी मुकाट्याने दिलं ते सगळं खाल्लं. आत्या दोन दिवस बाल्कनीत बसून काहीतरी शिवत होत्या.

बुधवारी निघताना त्यांनी मला नवी बंडी घातली. जुन्या सुती साडीची, आत काहीतरी भरून टाके मारलेली. "तिथं थंड असते. काढू नको." बंडी जड होती. पण त्या दिवसांत मला हातातली बांगडीसुद्धा जड वाटायची, त्यामुळे मी काही बोलले नाही.

दवाखान्यात सिस्टरने काट्यावर उभं केलं. "चव्वेचाळीस सहाशे. अरे वा, मॅडम!" मला तर विश्वासच बसेना. मी आत्यांकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा फुललेला की सोन्याची नथ मिळाली असती तरी इतका फुलला नसता. आणि तेवढ्यात टप टप आवाज आला. सिस्टर खाली बघायला लागली. मी खाली बघितलं. माझ्या बंडीच्या काठातून लाल तांदूळ गळत होते. आधी दाणा दाणा, मग टाका उसवला आणि चांगली धार लागली.

बंडीत कापूस नव्हता. दीड किलो तांदूळ होते.

डॉक्टरीणबाई आल्या. आत्या खाली बसून दाणे वेचत होत्या आणि वर न बघता बोलत होत्या, "कमी भरला तर परत लावून द्याल ना तुमी. म्हून भरला." डॉक्टरीणबाई त्यांच्याजवळ उकिडव्या बसल्या. शांतपणे म्हणाल्या, "आजी, औषध किती द्यायचं ते आम्ही वजनावर ठरवतो. वजन जास्त, तर औषध जास्त. खोटं वजन लिहिलं असतं तर ह्यांना नको इतकं औषध गेलं असतं."

आत्यांचा हात थांबला. "ज्यादा गेला असता?"

मग माझं डोकं फिरलं. दोन महिन्यांचे घास, गजर, कोंबडी, वाण्याचा काटा, सगळं एकदम वर आलं. सगळ्या वॉर्डासमोर मी ओरडले, "जीव घेतला असता तुम्ही माझा! उठसूट काटा खोटा बोलत नाय, काटा खोटा बोलत नाय, आणि तुम्हीच त्याला खोटं बोलायला लावलंत!"

आत्या पुन्हा दाणे वेचायला लागल्या. सिस्टरने बंडी काढून मला पुन्हा उभं केलं. त्रेचाळीस शंभर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालेल. डोस देऊ या." म्हणजे तांदळाची गरजच नव्हती.

"मला दिसत होतीस तू तेताळीसची," आत्या खालूनच पुटपुटल्या. "पन माझ्या डोळ्याचा भरवसा वाटला नाय. दुसऱ्याची असतीस तर छातीवर हात मारून सांगितला असता."

एवढं बोलून त्या मूठभर तांदूळ घेऊन उठायला गेल्या आणि भिंतीला धरून तशाच खाली बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सिस्टरने त्यांना उठवलं, पाणी दिलं आणि त्या "माझा कशाला?" म्हणत असताना काट्यावर चढवलं.

चाळीस.

मी म्हटलं, सिस्टर, पुन्हा बघा. पुन्हा चाळीस. ह्याच बाई वाण्याच्या काट्यावर सेहेचाळीस भरल्या होत्या, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

"आजी, कधी जेवलात?" सिस्टरने विचारलं.

"हिचा झाल्यावर जेवते मी."

"काय जेवता?"

आत्यांनी मुठीतले तांदूळ पदरात बांधले. मग म्हणाल्या, "हिचा ऱ्हाते ना वाटीत. ते काय टाकायचा?"

दोन महिने ही बाई माझ्या वाटीतलं उरलेलं खात होती. बिनमिठा-मिरचीची, निवलेली, अर्धी टाकलेली पेज. फोडणी मीच बंद केली होती. आणि ज्या दिवशी मी हट्टाने सगळी वाटी संपवायची आणि आत्या घरभर खुशीत फिरायच्या, त्या दिवशी त्या उपाशी असायच्या. सगळ्या जगाचं वजन करणाऱ्या बाईचं वजन माझ्या घरात सहा किलो उतरलं आणि मला दिसलं नाही.

"वेगळं शिजवायला काय झालं होतं?" मी रागानेच विचारलं. रडू येत होतं म्हणून जास्त रागाने.

"तू आत कोरड्या उलट्या काढतेस नि मी भरल्या ताटावर बसू? घशाखाली उतरत नाय गो. घरीपन एकटीला चूल लावायचा कंटाळा येते. इथं निदान कोनाच्या मागून तरी जेवायला मिळते."

डोस झाला. दुपार कलताना आम्ही घरी आलो. आत्या गुपचूप त्यांच्या पिशव्या भरायला लागल्या. "उद्या जाते. पुन्हा काय चूक झाली म्हंजे?" मी बंडीत उरलेले तांदूळ पातेल्यात काढले, तीन पाण्यांनी धुतले आणि गॅसवर चढवले. माळ्यावरून एक स्टीलचं ताट काढलं. मग नाकातोंडाला ओढणी घट्ट बांधली, कढईत तेल टाकलं, तेलात लसूण आणि मिरची, वर कांदा आणि सुकट.

आत्या धावत आल्या. "येडी झालीस काय? वास येल तुला! उलटी करशील!"

"करीन. मोरी कुठे पळून चाललीय? पिशव्या ठेवा आणि बसा."

ताट समोर ठेवलं. लाल भाताचा ढीग, वर कालवण. मी ओढणी नाकावर दाबून समोरच बसले. आत्या ताटाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. तेवढ्यात त्यांच्या फोनचा गजर वाजला. सवयीने त्यांनी फोन कानाला लावला, "हां, देते, देते." फोन ठेवला, पहिला घास कालवला आणि उचलून माझ्यापुढे धरला. "आधी तू."

मी त्यांचा हात त्यांच्याच तोंडाकडे वळवला.

"तुम्ही खा, आत्या. मी हाय मागून."