नानांचं आसूढाळ शिंगरू

आमचे नाना घोडं पारखायला बसले की घोड्याकडे पाठ करतात.

धुळ्याजवळच्या आमच्या गावात यात्रेच्या शर्यतीत घोडं उतरवायचं, तर आधी नानांना दाखवायचं हा शिरस्ता. नाना आमचे शेजारी, नानी गेल्यापासून घरात एकटेच. ओट्यावर भिंतीकडे तोंड करून ते डोळे मिटतात. मागे मालक रस्त्यावरून घोडं पळवतो आणि नाना नुसतं ऐकतात. का, तर म्हणे, "डोया रंगले भुलतस. कान भुलतस नही."

माणसांनाही तोच न्याय. जळगावला पाइपच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी पाया पडायला गेलो, तर त्यांनी मला दारापुढच्या निंबापर्यंत चालायला लावलं. मग डोळे उघडून म्हणाले, "डावा पाय वढस. पन पल्ला गाठशी." आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

यंदा भिकाभाऊंनी आपलं तरणं शिंगरू आणलं. दूध-गूळ घालून घरच्या लेकरासारखं वाढवलेलं. पहिल्या फेरीला नानांची बोटं गुडघ्यावर ताल धरायला लागली. "परत," ते म्हणाले. तीनदा पळवलं.

"भिका, याना चारी पाय एकमेकस्ले वयखतस!"

चारी पाय एकमेकांना ओळखतात म्हटल्यावर भिकाभाऊंची छाती फुगली. मग नानांनी दात पाहिले, खूर पाहिले, शेवटी तोंडावरून हात फिरवला. डाव्या डोळ्याखाली तो थांबला. तिथे केसांचा बारीक भोवरा होता. आसूढाळ! असं घोडं मालकाला रडवतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. एवढे दिवस तो कुणाला दिसला नव्हता. नाना गप्प बसले असते तर दिसलाही नसता. पण त्यांनी सांगून टाकलं.

भिकाभाऊंचा चेहरा उतरला. शर्यत राहिली बाजूला, वहिनी आता ते दारातसुद्धा उभं करू देणार नाहीत.

"मंग आठेच बांध," नाना आपल्या दारातल्या निंबाकडे बोट करून म्हणाले.

मला काही हे कोडं सुटेना. रविवारी सकाळी मुद्दाम गेलो. शिंगरू निंबाला बांधलेलं होतं आणि नाना त्याला गूळ भरवत होते.

"नाना, शर्यतीत पळवणार?"

"पयाडसू ना!"

"आणि रडवलं म्हणजे?"

त्यांचा हात त्या भोवऱ्यावर थांबला.

"तुनी नानी गयी तवय बठ्ठं गाव रडनं. मना डोयास्मा पानी उनं नही. दोन वरीस व्हयनात." त्यांनी शिंगराच्या मानेवर थोपटलं. "देखू, हाई तरी रडावस का."

नाना ओट्यावर जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. ऐकायला काहीच नव्हतं; शिंगरू तर बांधलेलंच होतं.